गणाचारी अण्णांचा पेला

गणाचारी अण्णांना पाणी द्या, सरबत द्या, देवाचं तीर्थ द्या. ते आधी उजेडाकडे धरत, डोळे बारीक करून बघत आणि "नितळ हाय" असा निकाल देऊन मगच पीत. ते घरी आले की आपण यजमान नसून आरोपी आहोत असं वाटे. शेवटी माझ्या बायकोने त्यांना चहाच द्यायला सुरुवात केली. चहात बघण्यासारखं काही नसतं, असा तिचा हिशेब. अण्णांनी कप खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "हे गढूळ हाय. पण चालतंय."

नव्वदच्या सुमारास मी पुण्याहून बंगळूरला आलो. हेब्बाळच्या पुढे, शहर संपतं असं तेव्हा वाटायचं तिथे, घर घेतलं. शेजारी अण्णा. मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी बोलत, बाहेर कानडी, आणि रागावले की दोन्ही. उभा जन्म पाटबंधारे खात्यात, मातीची धरणं सांभाळण्यात गेलेला. खात्याने त्यांना निवृत्त केलं होतं. ते त्यांनी मनावर घेतलेलं नव्हतं.

कारण आमच्या वसाहतीमागे एक तळं होतं. इथल्या भाषेत केरे. एका बाजूला मातीचा लांब बांध, अलीकडे पाणी, पलीकडे खाली नाचणीची आणि शेवंतीची शेतं. अण्णा रोज सकाळी बांधावर फिरायला जात. फिरणं हा फक्त शब्द. उंदराचं बीळ दिसलं की त्यात काठी घालत, आणि बांधावर उगवलेलं रोप दिसलं की उपटत. मी बरोबर असलो की मलाही वाकायला लावत.

"एवढंसं तर आहे अण्णा."

"आज एवढंसं हाय म्हणूनच उपटा की वो. मुळं आत गेली की पाण्याला वाट दावत्यात."

बांधाच्या पायथ्याशी एका जागी थोडं पाणी झिरपत असे. तिथे अण्णा खिशातून काचेचा पेला काढत, पाणी धरत आणि सूर्याकडे करत. मातीचा बांध थोडा पाझरणारच, त्याला भ्यायचं नाही. पण पाणी गढूळ येऊ लागलं म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय, बांध आतून पोकळ होतोय. पेल्याची ही सवय मग तीर्थापर्यंत पोचली होती.

एका पावसाळ्यात बांधावर वृक्षारोपण झालं. मांडव पडला, सनई वाजली, एका पुढाऱ्याने हिरवाईवर पाऊण तास भाषण केलं आणि रोपाला पाणी घालताना फोटोसाठी झारी इतका वेळ तिरकी धरली की पाणी संपलं. बांधभर रोपं लागली, प्रत्येकाला पत्र्याचं कुंपण.

दुसऱ्या दिवशी बांध पूर्वीसारखा बोडका. सगळी रोपं, कुंपणांसह, देवळामागच्या मोकळ्या जागेत ओळीने उभी होती. अण्णांनी चोरी केली नव्हती, बदली केली होती.

वृक्षारोपण समितीचा चिटणीस तणतणत आला. "अण्णा, तुम्ही झाडांचे वैरी आहात!"

"झाडांचा न्हवे. जागेचा."

"मग ते होंगेचं झाड कसं चालतं तुम्हाला? तेही बांधावरच आहे!"

अण्णा काठी उचलून बांधाकडे चालू लागले.

होंगे म्हणजे आपला करंज. बांधाच्या मध्यावर तो एकटा उभा होता, चांगला वाढलेला. मी तो रोज बघत होतो आणि माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. उत्तर त्या संध्याकाळी अण्णांनीच दिलं. सरोजअक्का, म्हणजे त्यांची बायको, फिरताना तिथे दम लागून बसायची. इथे सावली हवी म्हणून तिने तो लावला. "मी नको म्हटलो. ती म्हटली, एका झाडानं तुमच्या धरणाला काय होतंय? मी म्हटलो, सरी, लाव." पुढच्या वर्षी अक्का गेल्या. मग उपटायला त्यांचा हात झाला नाही.

आणि पाझर होता तो बरोबर त्याच झाडाखाली.

पाऊस सरता सरता एका सकाळी अण्णांनी पेला धरला आणि तसाच माझ्या हातात दिला. बघायला मी शिकलो होतो. पाणी गढूळ होतं. खाली बांधालगतच्या शेताचा मालक मुनियप्पा शेवंती खुडत होता, त्याच्या बायकोने अण्णांना हात केला. अण्णांनीही केला. मग त्यांनी सांडव्याच्या फळ्या काढायला लावून तळं निम्मं रिकामं करवलं. शेतकरी चिडले, अण्णा बधले नाहीत.

उन्हाळ्यात झाड काढलं. नुसतं तोडून भागत नाही. मुळं आत कुजली की त्यांच्या जागी बोगदे राहतात. म्हणून मुळासकट उकरायचं, मग ओली माती थराथराने घालून धुमसाने ठोकायची. मुनियप्पा आणि त्याचे भाऊ खणत होते. अण्णा छत्री न उघडता उन्हात उभे होते. "अजून एक मूळ हाय तिकडं," एवढंच मधून मधून सांगत. शेवटच्या थरावर धुमस त्यांनी स्वतः मारला, आणि पुरे म्हटल्यावरही मारत राहिले.

पाझर थांबला. बांध पक्का झाला.

पाच-सहा वर्षांत मुनियप्पाने शेत विकलं. शेजाऱ्यांनीही. शेवंतीच्या जागी पांढऱ्या दगडांनी आखलेले प्लॉट आले, वरून येणारे ओढे कुणीतरी बुजवले आणि तळ्यात मुलं क्रिकेट खेळू लागली. अण्णांचा बांध मात्र जागचा हलला नाही. एवढा सुरक्षित बांध मी दुसरा पाहिलेला नाही. त्याला आता फक्त धरायला पाणी नव्हतं.

अण्णा तरी रोज जात. मीही जाई. एकदा करंजाच्या जुन्या जागी मातीतून दोन पानं वर आलेली दिसली. सवयीने मी वाकलो. अण्णांची काठी आडवी आली.

"ऱ्हाऊ दे वो. आता कुणाला वाट दावणार हाय ते?"

त्यांनी खिशातून पेला काढला, माझ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतून घेतलं आणि उन्हात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं.

"नितळ हाय," म्हणाले, आणि रोपाला घातलं.