कागदावरचा मका

सरकार नाही म्हणूच शकणार नाही असा अर्ज अख्ख्या धारवाडात एकच माणूस लिहितो, असं दत्तात्रेय चारचौघांत सांगत आणि तो माणूस कोण हे कुणीतरी विचारायची वाट पाहत.

बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत क्लार्की केलेली. निवृत्तीला आठ महिने उरलेले. त्याआधी रायापूरच्या पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर घर उभं राहिलं पाहिजे, नाहीतर क्वार्टर सोडून जायचं कुठं, या एका काळजीनं त्यांची बायको मथुरा वाळत चालली होती.

त्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, मक्याची योजना आली. बियाणं निम्म्या किमतीत, वर फवारणीचा पंप फुकट! प्लॉटला लागून धोंडिबा चार एकर मका पिकवायचा, पण जमिनीचा उतारा अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर. म्हणजे सरकारच्या लेखी धोंडिबा शेतकरीच नव्हता. दत्तात्रेयांना त्याची दया आली आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवले. त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज ठोकला. प्लॉट कधीच बिनशेती झाला होता, पण जुना कागद टाकायचा नाही हा क्लार्काचा धर्म. ट्रंकेतून शेतजमीन दाखवणारा आधीचा उतारा काढून त्यांनी जोडला. मिळालेलं बियाणं आणि पंप धोंडिबाला नेऊन दिला.

पीक पाहायला कृषी खात्याचे वेंकटेश आले. दत्तात्रेयांनी धोंडिबाचा पटका डोक्याला गुंडाळला, धोंडिबाच्याच मक्यात उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. आदर्श मका उत्पादक म्हणून तो खात्याच्या कचेरीत भिंतीवर लागला. खरा उत्पादक पटका परत मिळायची वाट पाहत बांधावर बसला होता.

मग दत्तात्रेय बांधकामाचा परवाना मागायला गेले. तिथल्या क्लार्कानं फाईल उघडली आणि मान हलवली.

"इल्लारी रायर, नाही मिळणार. या जमिनीत मका उभा आहे."

दत्तात्रेयांनी शपथेवर सांगितलं, तिथं दगड आहेत आणि एक शेळी बांधलेली असते, चला दाखवतो. पण बघणं हे त्या टेबलाचं काम नव्हतं. मका नसेल तर तो गेला कुठं, याचा पंचनामा आणा, एवढंच तो म्हणाला. बत्तीस वर्षं हेच दत्तात्रेय लोकांना सांगत आले होते, त्यामुळे त्यांना भांडताही येईना!

वेंकटेश भला माणूस. त्यांनी हळहळून पंचनामा केला: कीड पडून पीक शंभर टक्के नष्ट. दत्तात्रेय पेढे घेऊन घरी आले.

पेढे संपायच्या आत दारात दोन पोती उतरली. आपद्ग्रस्त शेतकरी म्हणून पुढच्या हंगामाचं बियाणं संपूर्ण मोफत. त्याच प्लॉटात पेरायचं, खात्याचे साहेब स्वतः मोजायला येणार, आणि परवान्याचं काय ते कापणीनंतर.

मथुरेनं पोत्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कमरीपेठेत दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही पेरायला जावा."

तिच्या आवाजात राग असता तरी परवडला असता. दत्तात्रेय पोतं सायकलवर टाकून रायापूरला गेले. धोंडिबा बांधावर तंबाखू मळत होता.

"धोंडिबाअण्णा, मका किती खोल पेरतात हो?"

धोंडिबानं या आदर्श मका उत्पादकाला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन बोटं," तो म्हणाला. "पण आधी पायातले बूट काढा की, रायर."