भास्करकाकांचे साक्षीदार

कचऱ्याचा ट्रक यायच्या दिवशी आमचे भास्करकाका सकाळीच कोट-टाय चढवून दारात उभे राहत. ट्रकवाल्याला हात करत आणि स्वच्छ इंग्रजीत सांगत, "गुड मॉर्निंग. मी इथेच राहतो." पोस्टमनला तेच, लायब्ररीतल्या बाईंना तेच. शेजारच्या कुत्र्यालाही सांगून झालं होतं. "साक्षीदार हवेत बाप्पा," ते मला म्हणत. कुत्र्याची साक्ष चालत नाही, हे शेवटी काकांच्या वकीलबाईंनी त्यांना समजावलं.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आम्ही सगळे हसायचो. मामला मात्र हसण्यासारखा नव्हता. अमरावतीला काकांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली. तिचं करायला काका गेले ते दोन वर्षं तिकडेच राहिले. ती गेल्यावर परतले, तर एअरपोर्टवर अधिकाऱ्याने विचारलं, "तुमचं घर नक्की कुठलं?" आणि कोर्टाची तारीख हातात ठेवली. ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, गेलं तर काकांना अक्काच्या रिकाम्या घरात एकट्याने दिवस काढावे लागणार होते. काकू कधीच गेलेल्या. एकुलती लेक अनघा आणि नात इथे, माझ्या शेजारी.

जाताना परतायचा इरादा होता हे पटलं तरच कार्ड टिकणार होतं, म्हणून वकीलबाईंनी एक वाक्य पाठ करायला दिलं होतं: "बहिणीचं संपलं की परतायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं." संध्याकाळी फिरताना मी जज व्हायचो. बाकीची उत्तरं काका फाडफाड देत. या वाक्यापाशी आले की त्यांच्या बुटाची नाडी सुटायची, नाहीतर एखाद्या अनोळखी माणसाला गुड मॉर्निंग करायचं राहिलेलं असायचं. संध्याकाळचे सहा वाजलेले असले तरी.

कोर्टात जजने तेच विचारलं. किती दिवस राहायचा विचार होता?

काकांनी टाय सारखा केला. "ती असेपर्यंत," ते म्हणाले. "वीस वर्षं जगली असती तर वीस वर्षं."

वकीलबाईंनी मान खाली घातली. कार्ड गेलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. खरं सांगतो, मला काकांचा राग आला होता. मागे अनघा रडत होती. "बाबा, एकच सेंटेन्स होतं. का नाही बोललात?"

काकांनी टाय सोडला.

"आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. माझ्यापायी अक्कानं लग्न केलं नाही. शेवटी शेवटी मी घास भरवायला बसलो की ती विचारायची, 'भाशा, तुला पोरीकडे जायचं असेल ना रे?' मी म्हणायचो, नाही गं, कुठं जायचंय मला? तेवढं ऐकलं की दोन घास जास्त खायची." काकांनी चष्मा काढला. "ते खोटं होतं, असं शपथेवर कसं सांगू बेटा?"