दुसरी कुणाची?

शांतवन साळव्यांना घरात एका जातीच्या दोन वस्तू दिसल्या की घाम फुटायचा. दोन छत्र्या, दोन तवे, दोन घोंगड्या, काहीही. ते समोर उभे राहायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, "ही दुसरी कुणाची?" घरचं कुणी "आपलीच" म्हणालं की संपलं. संध्याकाळपर्यंत ती दुसरी कुणाच्या तरी दारात पोचलेली असायची.

साळवे मूळचे नगरकडचे. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले आणि अंबरनाथला आमच्या कारखान्यात लागले. त्यांच्या आणि आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, असं त्यांच्या शास्त्रात आहे. रविवारी चर्चमध्ये ते ऐकून बाकीचे मान डोलवत घरी जात. हा गृहस्थ घरी येऊन पेटी उघडायचा. घेणारा संकोचला तर उलट त्यालाच रागवायचा. "आवो, हे उपकार न्हाईत, प्रीती हाय. प्रीतीला कुनी नको म्हनतं व्हय?"

त्यांच्या बायकोनं, रूथबाईंनी, यावर उपाय काढला होता. घरातली प्रत्येक दुसरी वस्तू त्या गुपचूप आमच्या माळ्यावर ठेवत. त्यामुळे धास्ती आमच्या गळ्यात. साळवे नुसते खोकले तरी आमची ही माळ्याकडे बघायची. एकदा त्यांचीच गोधडी आमच्या दोरीवर वाळत होती. साळव्यांनी ती हातात घेऊन निरखली, फार सुबक आहे म्हणाले, आणि तुमच्याकडे दोन दिसतात, असंही म्हणाले. आम्ही इतके घाबरलो की घाईघाईनं आमची गोधडी काढून दिली. ती गेली निर्वासितांच्या छावणीत. त्यांची आमच्याकडे राहिली.

छावणीला उल्हासनगर हे नाव मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याच सुमारास साळव्यांची मुलगी मार्था बाळंतपणाला आली आणि तिला जुळ्या मुली झाल्या. कारखान्यात हशा पिकला. "साळवे, आता ही दुसरी कुणाची?" असं कुणीतरी विचारलंच. एरवी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसणारे साळवे त्या दिवशी हसले नाहीत.

मार्थाला ताप भरला होता. होतं तेवढं दूध थोरलीलाच पुरेना. धाकटीच्या पोटात वरचं दूध ठरत नव्हतं. पोर दिवसागणिक सुकत चालली. अंगावरचं दूध मिळालं तरच जगेल, असं नर्सबाई म्हणाल्या. ज्या शेजाऱ्यांकडे साळव्यांचं काही ना काही होतं, ते सगळे धावून आले; पण आमच्या ओळीत पाजती बाई एकही नव्हती. शेवटी पापड विकायला येणाऱ्या सिंधी बाईकडून आमच्या हिला कळलं की छावणीतल्या एका बराकीत एक तरुण आई आहे.

मी साळव्यांबरोबर निघालो. पोर त्यांच्या छातीशी होती आणि तिचं रडणं आता ऐकूही येईनासं झालं होतं. मला एकच भीती, रस्त्यातच काही होऊ नये. बराकीच्या दाराशी पोचल्यावर साळवे थबकले.

"भाऊसाहेब, मागायचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

मीच माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आतली म्हातारी सासू सुनेला सिंधीत काहीतरी भराभर बोलली. आम्हाला अक्षर कळलं नाही. परक्या धर्माचं पोर, नाही म्हणतील, असंच मला वाटलं. सून उठली. तिनं पोर घेतली आणि आपला मुलगा साळव्यांच्या हातात दिला.

"चाचा, इसको पकडो. गर्दन संभालना."

गोणपाटाचा पडदा पडला. आम्ही पायरीवर बसलो. बराच वेळ काही कळेना. मग आतून चुटुचुटु आवाज येऊ लागला.

साळव्यांनी मुलगा माझ्या मांडीवर दिला आणि खिसे चाचपले. काही सापडेना तेव्हा अंगातला कोट काढून ते म्हातारीपुढे धरू लागले. तिनं तो त्यांच्याच खांद्यावर परत टाकला आणि मान हलवली. ते खाली बसले, मुलाला पुन्हा मांडीवर घेतलं.

"घेनं इतकं जड आसतंय, मला ठावंच न्हवतं," ते म्हणाले. "लोकांना मी लई तरास दिला का वो?"

या माणसाला आजवर कुणी काही दिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

पडद्याआडून सून म्हणाली, "चाचा, सो गयी. सवेरे फिर ले आना."

"लाऊंगा, बेटी," साळवे म्हणाले, आणि तिच्या मुलाला छातीशी धरून रडू लागले.