शेवटची दोन पानं

तनयाने खुनी गिळला तेव्हा नीता आमटीला फोडणी देत होती.

चौदा महिन्यांच्या लेकीचा बराच वेळ आवाज नाही, हे लक्षात येताच ती बाहेर धावली. तनया सोफ्याला टेकून शांतपणे चघळत होती. समोर मनोरमाकाकूंची रहस्यकथा उताणी पडली होती आणि तिची शेवटची दोन पानं नाहीशी झाली होती. बोट घालून थोडा चोथा निघाला, बाकीचं पोटात गेलेलं. खुनी कोण, हे नीताला अजून कळायचं होतं.

पुस्तक काकूंनी पुण्याहून बॅगेत घालून आणलेलं, आता कुठे विकतही न मिळणारं. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मराठी वाचनगटात ते घरोघरी आठवडा आठवडा राहायचं आणि महिन्यातल्या एका शनिवारी काकूंकडे त्यावर चर्चा व्हायची. तनया झाल्यापासून नीताला स्वतःचा म्हणावा असा तो एकच दिवस होता. "लेकीला घेऊनच ये गं, रडली तर रडली," असं म्हणून काकूंनीच तो तिला दिला होता. त्या काकूंना आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिच्या आधी पुस्तक पद्माकरकडे होतं. तिने त्याला फोन करून आडून आडून विचारून पाहिलं. पण गटात खुनी फोडायला सक्त मनाई. तुझी मजा घालवणार नाही, म्हणत त्याने घाईने फोन ठेवला.

सोमवारी पुस्तक ऋचाकडे जायचं होतं. तनयाच्या दुपारच्या दोन झोपांमध्ये नीताने शेवट स्वतःच लिहून काढला. खून डॉक्टरांवर घातला, कारण पुस्तकभर तेवढेच सभ्य वागले होते. छापलेली पानं फार पांढरी दिसायला लागली, म्हणून ती उरलेल्या चहात बुडवून हायत्सुंगवर, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर, वाळत घातली.

"सरळ सांगून टाक ना," नवरा, उत्कर्ष, म्हणाला. "लहान मूल आहे, होतं असं."

"सांगते," नीता म्हणाली आणि गोंदाची नळी उघडली.

शनिवारी ऋचाने सुरुवात केली. "बाकी पुस्तक ठीकठाक. पण शेवट! डॉक्टरांना बेड्या घालायला आलेला इन्स्पेक्टर आधी त्यांच्या बाळाची कानटोपी नीट करतो. मी रडले तिथे."

नीताचे कान तापले. आता पद्माकर विचारणार, कसले डॉक्टर आणि कसली कानटोपी? तिने कडेवरच्या तनयाला उगाच घट्ट धरलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," पद्माकर म्हणाला. "कानटोपी म्हणजे कळसच. मला तर डॉक्टरचा पहिल्या प्रकरणापासून संशय होता."

हा गृहस्थ शेवटापर्यंत पोचलाच नव्हता तर. नीताला हसूही येईना. लबाडी पकडली खरी, पण पकडणारी त्याहून लबाड.

खरा शेवट वाचलेलं माणूस खोलीत एकच होतं. काकूंनी पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटचं पान उघडलं, नाकाजवळ नेलं. चहात आलं घातलेलं होतं, हे नीताला तेव्हा आठवलं. काकूंनी पुस्तक मिटलं आणि चिवडा आणायला उठल्या.

नीता त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. फरशीकडे बघत तिने सगळं सांगितलं: चोथा, चहा, गोंद.

काकू डब्याचं झाकण लावत ऐकत होत्या. "पोट बरं आहे ना हिचं?"

"हो."

"मग झालं. खरा खुनी माळी होता. वीस वर्षं झाली, मला काही तो शेवट पटलेला नाही." त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. "हे पुढच्या महिन्याचं. आधी तुझ्याकडेच राहू दे. याचा शेवट त्याहून टुकार आहे. बघ काही करता आलं तर."

नीताने मान खाली घालूनच हात पुढे केला. तनयाचा हात तिच्या आधी पोचला होता.