खिडकीचं बटण आणि एल

संगणकावर काम करताना मी माउसला हात लावत नाही. माउस नवशिक्यांसाठी असतो! माझी सगळी कामं बटणांवर चालतात. ऑफिसातल्या सगळ्यांचीच तशी चालावीत म्हणून मी ‘वेळ वाचवणारे दहा शॉर्टकट’ असा एक कागदही तयार केला होता. त्या कागदाने पहिल्याच दिवशी आमचे चार तास खाल्ले.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही.

मी तिथे सहा महिन्यांसाठी तात्पुरता होतो आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. मला कायम करायचं पत्र साहेबांनी दोन दिवस खपून, एका बोटाने टाईप केलं होतं. दुपारी दोनला मुख्य ऑफिसचा माणूस टपाल न्यायला येतो. त्याच्या पिशवीत पत्र पडलं की मी कायम, नाही पडलं की मी घरी. एक प्रिंट आणि एक सही, एवढंच मधे होतं.

“पत्र काढण्याआधी ते तुझे शॉर्टकट दाखव बघू,” साहेब म्हणाले.

ऑफिसातल्या एकुलत्या एका संगणकापुढे मी पहिल्यांदाच बसलो; एरवी तिथे साहेबच बसत. मागे साहेब आणि आमचे सर्वांत जुने मेकॅनिक, मिस्त्रीकाका. मी खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि डी दाबलं. पडद्यावरचं सगळं गायब!

“अरे, माझं पत्र!” साहेब ओरडले.

पुन्हा दाबलं. पत्र हजर! मग कंट्रोल आणि झेड. “हे दाबलं की झालेली चूक न झाल्यासारखी होते.”

“हे आमच्या घरी बसवता येईल का?” मिस्त्रीकाकांनी विचारलं.

मला स्फुरण चढलं. “आणि आता सुरक्षा! खुर्चीतून उठताना खिडकी आणि एल. एका सेकंदात कुलूप!”

खरोखरच एका सेकंदात लागलं.

“आता पासवर्ड टाका,” मी म्हणालो.

“कसला पासवर्ड?”

“या संगणकाचा.”

“याला कुठे आहे पासवर्ड?”

“साहेब, तो मागतोय.”

“सात वर्षांत आमच्याकडे कधी मागितला नाही. तुझ्याकडेच बरा मागतोय!”

मग खुलासा झाला. सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या टायपिस्टबाईंनी जाताना संगणक चालू ठेवला होता. त्यानंतर तो बंद करण्याची कुणाची छाती झाली नव्हती. त्याला दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या आणि बंद करायच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असं लिहिलं होतं. मी हात लावलाच नव्हता. मी शॉर्टकट वापरला होता.

“कंट्रोल झेड दाब,” साहेब म्हणाले.

“इथे ते चालत नाही.”

“मग चूक झाल्यावर ते चालतं कुठे?”

मी संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. सगळं म्हणजे शहरातली प्रत्येक बिघडलेली लिफ्ट, आणि माझं पत्र. शेवटी बाईंना फोन लावला.

“पासवर्ड? मला आठवत नाही बाई,” त्या म्हणाल्या. “तो माझ्या बोटांना ठाऊक होता.”

“मग बोटं घेऊन या!” साहेब म्हणाले.

बाई बाराला आल्या. गुडघे धरून जिन्याकडे बघत त्यांनी विचारलं, “अजून लिफ्ट नाही?”

“विचार चालू आहे,” साहेब म्हणाले.

मी आणि मिस्त्रीकाकांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. प्रत्येक मजल्यावर बाई मजल्याचा नंबर सांगत होत्या.

संगणकापुढे बसून त्यांनी बोटं ठेवली. बोटं ढिम्म! “टेबल इथे नव्हतं. खिडकीपाशी होतं.” टेबल सरकवलं. “खुर्ची लाकडी होती.” ती माळ्यावरून काढली. एक वाजून गेला. बोटं अजून ढिम्मच.

“आता आठवलं,” बाई म्हणाल्या. “साहेब, तुम्ही ओरडा.”

“मी कशाला?”

“रोज मी बसायच्या वेळी तुम्ही ‘आजही उशीर?’ म्हणून ओरडायचात. त्याशिवाय माझी बोटं सुरू होत नसत.”

साहेबांनी घसा खाकरला. “आजही उशीर?”

“हे काय, पाहुण्यांना विचारल्यासारखं? मनापासून ओरडा!”

“आजही उशीर झाला का हो?”

“तुमच्यात आता पूर्वीचा दम नाही राहिला,” बाई म्हणाल्या.

हे लागलं. साहेबांनी असं काही ओरडून दाखवलं, की खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य वर बघायला आला, त्याला वाटलं आपलाच पेशंट! इकडे बाईंची बोटं तडतडली आणि पत्र पडद्यावर आलं!

“बाई, काय टाईप केलंत?” मी कागद-पेन घेऊन विचारलं.

“मला काय ठाऊक? मी रागात होते.”

पावणेदोन. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. मी तो घालायला उठलो. आता माझ्या बोटांनाही सवय आहे हो! उठता उठता खिडकी आणि एल.

साहेब माझ्यावर ओरडले. हे ओरडणं अगदी आतून आलेलं होतं. त्याच दणक्यात बाईंची बोटं आपोआप तडतडली आणि कुलूप उघडलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. आणि त्या एका बोटाने पत्रातलं माझं नाव खोडून बाईंचं घातलं. जागा एकच होती. दोनच्या टपालात ते गेलं.

मला काढलं मात्र नाही. दहापैकी साहेबांना एकच शॉर्टकट पाठ झाला, कुलपाचा. ते रोज संध्याकाळी स्वतः हौसेने कुलूप लावून जातात. म्हणून मला पुन्हा सहा महिने तात्पुरतं ठेवलंय. काम एकच. रोज सकाळी ठीक दहाला, बाई खुर्चीत बसल्या की असं काहीतरी करायचं, की साहेब मनापासून ओरडतील.

साहेब म्हणतात, या कामात माझा हात धरणारा दुसरा कुणी नाही.