इंदूआक्का शाळा बघायला जाते

असं दारात उभं राहून काय ऐकता? मी स्वतःच इथं पाहुणी, तरी म्हणते, या, आत या, पंख्याखाली बसा. आणि तो फोन जरा पालथा ठेवा. पोराची शाळा निवडायची तर फोनवर चांदण्या बघता तुम्ही लोक! कुणीतरी कुठंतरी पाच चांदण्या दिल्या की झाली शाळा चांगली. अहो, मेथीची जुडीसुद्धा आपण सोडून बघतो. आमच्या इंदूआक्कानं तर शाळेच्या बसचा ड्रायव्हर चालवून बघितला. बस नव्हे, ड्रायव्हर! "चार पावलं चालून दाखवा बघू," म्हणाली. तो बिचारा मैदानात चार पावलं गेला, वळला, परत आला. आक्का म्हणाली, "पाय सरळ पडत्यात. पुढचं बघू."

इंदूआक्का माझी कोल्हापूरची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि तिचा आवाज त्या भिंतीला जुमानत नाही. मंगळवार पेठेतली किती लग्नं तिनं जमवली असतील, तिलाच ठाऊक. स्थळ बघायचे तिचे नियम ठरलेले. पुढच्या दारानं जायचं नाही, दर्शनी दार सगळ्यांचंच चांगलं असतं. ज्या घरात गड्याला वेळेवर जेवण, त्या घरात पोरगी द्यावी. तिथल्या तिथं कौतुक करायचं नाही, "घरी जाऊन कळवतो" एवढंच म्हणायचं. आणि नाही म्हणायचं झालं तर "पसंत नाही" असं कधी म्हणायचं नाही, "योग नाही" म्हणायचं. कुणाचं मन मोडत नाही.

तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा अभी जर्मनीत, सूनही तिथंच नोकरीला. त्यांची लेक जुई आता पहिलीत जाणार. तर एकदा अभीचा फोन आला. आक्काचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळं मीही ऐकला.

"आई, इथल्या शाळेत सगळं जर्मन. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिची ओढाताण होईल गं. तिकडं चांगली शाळा मिळाली तर थोडी वर्षं तुझ्याजवळ ठेवू का तिला?"

मला वाटलं, आता ही पेढे वाटणार! रिकाम्या घरात नात येणार, आणखी काय पाहिजे? पण आक्का म्हणाली, "बघायला लागंल."

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली काठापदराची साडी नेसून माझ्या दारात हजर. "मालन, आवर. स्थळ बघायला जायाचं हाय."

"कुणासाठी गं?"

"जुईसाठी. शाळंचं."

पहिली शाळा कळंब्याच्या रस्त्याला. काचेची इमारत, हिरवळ. आम्ही अर्थातच मागच्या फाटकावर. वॉचमन म्हणाला, "आज्जी, ऑफिस पुढं हाय."

"पुढचं पुढं बघतो. तू जेवलास का?"

"जेवलो की."

"किती वाजता?"

तो बिचारा गोंधळला. मी तिला ओढत आत नेली. मुख्याध्यापिका गोड बोलणाऱ्या. पडद्यावर पोहण्याचा तलाव दाखवला, घोडे दाखवले. आक्कानं सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यात मोठं कोण?"

"म्हणजे संस्थापक?"

"तसलं न्हवं. पोरगं रडाय लागलं तर जवळ घेणारं मोठं माणूस कोण हाय?"

"आमच्याकडं समुपदेशक आहेत ना! मंगळवारी आणि शुक्रवारी येतात."

"म्हंजे बुधवारी रडायचं न्हाई," आक्का म्हणाली. मग उठली, पदर सावरला, हात जोडले. "बरं हाय. घरी जाऊन कळवतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय बिघडलं? "लई गप शाळा हाय," म्हणाली. "पोरं हायत का पोरांचे फोटू?"

दुसरी शाळा गावातली, जुनी. तिथं पोरांचा असा कालवा, की मुख्याध्यापक आणि आक्का दोघंही ओरडून बोलत होते. पोटभर बोलणं झालं. ड्रायव्हर चालवला तो इथंच. मला वाटलं, हे स्थळ जमलं. तर रिक्षात बसल्यावर म्हणते, "लई दंगा हाय गं."

"काल गप होती म्हणून नको, आज दंगा म्हणून नको?"

"स्थळ बघताना मधी बोलू न्हाई, मालन."

तिसऱ्या शाळेला मात्र नाव ठेवायला मलाही काही सापडेना. मागच्या फाटकाशी चिंचेचं झाड, त्याच्याखाली एक बाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आणि भोवती गुडघे मळलेली पोरं. एक पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून हुंदके देत होती आणि बाई तिच्या केसांवरनं हात फिरवत पुढचा पाढा म्हणून घेत होत्या. आक्का तिथंच उभी राहिली. मुख्याध्यापकांनी जागा आहे म्हणून सांगितलं, चहा दिला. मी मनात जुईला गणवेशसुद्धा घातला.

कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलो. रसाचा पेला हातात घेऊन आक्का म्हणाली, "योग न्हाय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "का न्हाय?"

"पाण्याची टाकी चुकीच्या दिशेला हाय."

"इंदे, तुला नात नकोच हाय! तसं सांग की सरळ. माणसं नातवंडांसाठी झुरतात, आणि तू टाकीची दिशा बघतीस?"

चार टेबलं वळून बघायला लागली. आक्काला उलट बोललेलं खपत नाही. पण तिनं पेला टेबलावर ठेवला.

"मी गारगोटीला मामाकडं शिकाय हुते," म्हणाली. "आमच्या वाडीत शाळा न्हवती. मामी लई चांगली. सोताच्या पोरींआधी मला वाढायची. शाळा चांगली, बाई चांगल्या. सगळंच चांगलं, म्हणून रडताबी याचं न्हाई. कुणी वाईट वागलं असतं तर रडाय कारण तरी मिळालं असतं. शनवारी शाळा सुटली की ष्ट्यांडवर जाऊन बसायची. वाडीकडनं गाडी आली की बघायची, आई उतरती का. मामीला सांगायची, खेळाय गेलते."

मी हळूच विचारलं, "मग बघायला तरी कशाला हिंडलीस गं?"

"एकदम न्हाई म्हटलं तर अभीला वाटंल, आईला पोरगी जड झाली." रस तसाच होता. "आणि बघाय गेलं की तेवढे दिवस घरात कोणतरी येणार, येणार असं वाटतंय की."

त्या संध्याकाळी तिनं अभीला फोन लावला. "कोल्हापुरात एकाबी शाळंचा योग न्हाय. तिथलीच बघ," एवढं सांगून लगेच उलटतपासणी. तिथल्या बाई हसतात का? पोरं डबा कुठं बसून खातात? अभी सगळ्याची उत्तरं देत होता. मग म्हणाला, तिकडं एक रीत आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराच्या हातात खाऊनं भरलेला कागदाचा मोठा पुडा देतात.

"भेळंच्या पुड्यागत?"

"तसाच, पण जुईच्या उंचीला येईल एवढा."

"कोण देतं? शाळा?"

"नाही. आईबापांनी भरून द्यायचा असतो."

"मग झालं की!" आक्का म्हणाली. "आईबाप जवळ पायजेत म्हणायचे." आणि फोन ठेवून तिनं बेसन भाजायला घेतलं. भिंतीपलीकडं मला वास आला, आवाज मात्र काही आला नाही.

लाडू कुरिअरनं जर्मनीला गेले. पण तिनं घातलेलं माप त्या पुड्याच्या मानानं फार मोठं झालं. अजून मोठा डबा भरून घरात आहे, आणि एकटं माणूस खाऊन खाऊन किती खाणार? तुम्ही एकदा या की कोल्हापूरला. पोरांना घेऊनच या. पहिल्यांदा माझ्याकडं चहा घ्या, मग मी तुम्हाला तिच्याकडं नेते. सुट्टी लागेल तेव्हा बघू म्हणू नका. लौकर या.