पोपटी ट्रक

ट्रक पोपटी करायचा, हे हेडक्लार्कसाहेबांनी एकट्याने ठरवलं. निदान त्यांची तरी तशी समजूत होती. खरं म्हणजे त्यांचा साडू कधीपासून कानीकपाळी ओरडत होता, "दादा, तुमचा ट्रक मातीच्या रंगाचा आहे, मातीत दिसत नाही, रंग बदला." बायकोनेही तेच सांगून पाहिलं होतं. पण दुसऱ्याने सांगितलेलं ऐकायचं म्हटलं की साहेबांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून त्यांनी मध्ये थोडे दिवस जाऊ दिले, आणि मग एका सकाळी दात घासता घासता फेसाळ तोंडाने जाहीर केलं, "मी असं ठरवलंय, की ट्रक पोपटी करायचा."

"बरं," बायको म्हणाली. रंगाचा डबा तिने आदल्याच दिवशी काढून ठेवला होता.

ट्रक म्हणजे खराखुरा ट्रक नव्हे हं. (खरा चालवायचा तर लायसन्स लागतं, आणि त्या परीक्षेत साहेब काय करून आले होते ते घरात कुणी काढत नाही.) हा आपला मांजराएवढा, रिमोटवर पळणारा. पण खेळणं म्हणायची सोय नाही! कुणी चुकून तसं म्हणालंच, तर साहेब चष्मा काढून पुसायचे आणि त्याला शॉक-अब्सॉर्बरमधल्या तेलाविषयी सांगायला बसायचे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन येणारे लोकसुद्धा आता हे तेल पातळ कधी घालायचं आणि घट्ट कधी, ते सांगू शकतात. त्यांच्या अर्जांचं पुढे काय झालं, ते मात्र त्यांना सांगता येत नाही.

ट्रक सुट्या भागांतून जोडलेला होता, आणि तो जोडला गेला जेवणाच्या टेबलावर. एकदा जोडला की संपलं, असं बायकोला वाटलं होतं. पण जोडून झाला की तो खोलायचा असतो, तेल बदलायचं असतं, स्प्रिंगा बदलायच्या असतात, पुन्हा जोडायचा असतो, मैदानात नेऊन उलटापालटा करायचा असतो आणि परत आणून खोलायचा असतो. याला ट्यूनिंग म्हणतात. ट्यूनिंगमुळे घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. पाहुणे आले की चहाचे कप खिडकीच्या कठड्यावर. आणि टेबलापाशी जाऊन बायकोने काहीही विचारलं, तरी साहेब मान वर न करता हात हलवायचे आणि म्हणायचे, "नंतर!"

"अहो, गॅस संपलाय."

"नंतर!"

"अहो, तुमच्या कोपराखाली तुमचा चहा सांडलाय."

"नंतर म्हटलं ना!"

एवढं करून अशा ट्रकांची गेल्या वर्षीची शर्यत जिंकला साडू. साडूला ट्यूनिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तो ट्रक पेटीतून काढतो, पळवतो, फडक्याने पुसतो आणि परत पेटीत ठेवतो. त्याला मिळालेला चषक त्याच्या फ्रिजवर अशा जागी ठेवला होता, की पाणी प्यायला गेलं तरी नमस्कार घडावा. तेव्हापासून साहेब साडूच्या घरी पाणी पीत नसत.

शेवटी बायकोच्या डोक्यावरून पाणी गेलं. तिने स्वच्छ सांगितलं, "मला माझं टेबल हवंय. एक तर ते तरी घरात राहील, नाहीतर तो ट्रक तरी."

"ठीक आहे," साहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "यंदाच्या शर्यतीत साडूला धूळ चारली, तर टेबल कायमचं माझं. हरलो, तर ट्रक माळ्यावर. पुन्हा नाव काढणार नाही."

"शब्द?"

"हेडक्लार्कचा शब्द!"

(त्यांच्या ऑफिसचा अनुभव तिलाही होता.)

आता रंगाकडे येऊ. या ट्रकचं वरचं कवच पारदर्शक प्लास्टिकचं असतं आणि त्याला रंग आतल्या बाजूने देतात. म्हणजे उलटला, घासला, तरी रंग शाबूत. साहेबांनी दोन हात चढवले, वाळवला, आणि पोपटी ट्रक घेऊन शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाला गेले. आनंदाच्या भरात पहिल्याच वळणावर त्यांनी तो साडूच्या ट्रकवर घातला. साडूच्या ट्रकच्या कवचाचे दोन तुकडे झाले.

"सांभाळून चालवत जा जरा," साहेब साडूलाच म्हणाले.

साडूने घरी जाऊन पेटीतलं जादा कवच काढलं. तेही तस्संच, कारण दोघी बहिणींच्या घरी सगळं सारखं यावं म्हणून दोन्ही ट्रक एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणले होते. आता त्याला रंग हवा. मेहुणीने शोधाशोध केली आणि गॅलरीच्या कठड्याला लावून उरलेला डबा काढून दिला. त्याच डब्यातला अर्धा रंग तिने मागे ताईला दिला होता. पोपटी.

शर्यतीच्या सकाळी घरात नुसता गोंधळ. ट्रकच्या रिमोटचे सेल उतरलेले निघाले. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि टीव्हीच्या रिमोटमधले काढून घेतले. इतक्यात टेबलाखाली झाडू फिरवताना बायकोला एक छोटासा चकचकीत नट सापडला, बोल्टवर बसवतात तसला.

"अहो, हा तुमचा का?"

साहेब शॉक-अब्सॉर्बरमधलं तेल उजेडात धरून त्यात बुडबुडे आहेत का ते बघत होते. त्यांनी हात हलवला.

"नंतर!"

बायकोने क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं, आणि नट पर्समध्ये टाकला.

मैदानात मातीचे उंचवटे, खड्डे, वळणं असा सगळा रस्ता आखला होता. चालकांनी उभं राहायला एका बाजूला लाकडी मचाण होतं. प्रत्येक वळणावर एक मार्शल, म्हणजे उलटलेला ट्रक सुलटा करून देणारा माणूस. त्या दिवशी एक मार्शल आला नव्हता, म्हणून पहिल्या वळणावर साहेबांच्या बायकोलाच उभं केलं. माइक होता दातांच्या डॉक्टरांच्या हातात. समोरच्याने मध्ये बोलू नये याची त्यांना दवाखान्यातूनच सवय असल्यामुळे ते काम दरवर्षी त्यांच्याकडे असायचं.

दोन्ही ट्रक शेजारी शेजारी ठेवले, तसे डॉक्टर थबकले. "अरे, हे तर जुळे! कुणीतरी एकाला पांढरी पट्टी चिकटवा बुवा."

"मी चिकटवतो," साडू म्हणाला.

"काही गरज नाही!" साहेब कडाडले. "मी माझा ट्रक ओळखणार नाही? त्याच्या चालण्यावरून ओळखेन. त्यातला बोल्ट न् बोल्ट मी या हातांनी बसवलाय!"

बोल्टबद्दल ते खोटं बोलत नव्हते. प्रश्न नटाचा होता.

शिट्टी झाली. सगळे ट्रक धुरळा उडवत सुटले. धुरळ्यात पहिलं वळण आलं, आणि साहेबांच्या ट्रकचं पुढचं चाक निघून टुणटुण उड्या मारत एकीकडे गेलं. ट्रक दुसरीकडे, थेट बायकोच्या पायाशी, चारी मुंड्या चीत. तिने एका हातात ट्रक उचलला, दुसऱ्या हातात चाक, आणि मचाणाकडे बघून ओरडली, "अहो!"

साहेबांचे डोळे धुरळ्यातून बाहेर पडणाऱ्या पोपटी ट्रकवर खिळले होते. त्यांनी मान न वळवता हात हलवला. "नंतर!"

आणि मग साहेब असे काही रंगले म्हणता! आयुष्यात त्यांनी ट्रक असा चालवला नव्हता. रिमोट उजवीकडे वळवला, की ट्रक उजवीकडे. (रस्ताच उजवीकडे वळत होता.) उंचवटा आला की साहेब टाचा उचलायचे आणि ट्रक हवेतून अलगद उतरायचा. "तेल! तेलाची करामत आहे ही!" ते शेजाऱ्याला सांगत होते. एका वळणावर त्यांनी घाबरून ब्रेक दाबला, तर ट्रक उलट वेगाने आतून घुसला आणि पुढच्याला मागे टाकून गेला. साहेबांचा ऊर भरून आला. इतक्या महिन्यांच्या ट्यूनिंगने ट्रकला स्वतःची अक्कल आली होती! एकदा तर नाकाला खाज आली म्हणून त्यांनी हातच काढला. ट्रक धावतच होता.

तिकडे पहिल्या वळणावर बायकोच्या हातातला ट्रक साहेबांच्या एकूण एक हुकमाची तामिली करत होता. साहेब डावीकडे म्हणाले की त्याचं पुढचं उरलेलं चाक डावीकडे वळायचं. साहेबांनी वेग दिला की चाकं तिच्या हातात भणभणायची आणि माती तिच्या तोंडावर उडायची. तिने आणखी एकदा "अहो" करून पाहिलं. मग ती तशीच उभी राहिली, तोंड जरा बाजूला करून.

"काय साडूभाऊ," साहेबांनी शेजारी डोळे मिचकावले, "तुमचा कुठे दिसत नाही तो?"

साडू जीभ दातांत धरून रस्त्याकडे बघत होता. साहेबांना त्याची कीव आली.

"आणि पोपटी ट्रक पहिलाऽऽ!" डॉक्टर माइकवर गरजले.

साहेब मचाणावरून उतरले ते उडी मारूनच. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला. साडू मागून "दादा... अहो दादा, एक मिनिट..." करत होता. त्याच्या पाठीवर त्यांनी सांत्वनाची थाप मारली.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "हा विजय नशिबाचा नाही. ट्यूनिंगचा आहे! काही लोक ट्रक नुसते पेटीतून काढून पळवतात. तसं चालत नाही. ट्रकला आपलं मन कळलं पाहिजे. आज माझ्या नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर तो कसा धावला, ते आपण पाहिलंत. घरून मला पाठिंबा मिळाला असं मी म्हणणार नाही. एका टेबलासाठी मला काय काय ऐकून घ्यावं लागलं! पण माणसाला आपली गाडी ओळखता आली पाहिजे..."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बायको आली. केसांपासून पदरापर्यंत मातीने माखलेली. तिने बक्षिसाच्या टेबलावर आधी ट्रक ठेवला. मग शेजारी चाक ठेवलं.

साहेबांचं बोट अजून रिमोटवर होतं. घाबरून ते आवळलं गेलं, आणि टेबलावरच्या ट्रकची उरलेली चाकं गरगर फिरली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मैदान हसलं.

"मग तो जिंकलेला कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

साडूने शाळेतल्यासारखं बोट वर केलं. "दादा, मी सांगणारच होतो. पण तुम्ही इतके खूश होतात, माझ्याच्याने बोलवेना."

लाज लाज झाली. साहेबांना वाटलं, त्या मैदानातल्या एखाद्या खड्ड्यात आपल्याला कुणी लोटून द्यावं. पण हेडक्लार्क शेवटी हेडक्लार्क. त्यांनी घसा साफ केला आणि दोष कुणावर टाकता येतो का ते पाहिलं. "पण नट पडलाच कसा? कुणाला सापडला नाही का?"

बायकोने पर्स उघडली आणि नट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अगं, मग हा सकाळीच द्यायचा नाही का!"

"देत होते. तुम्ही म्हणालात, नंतर." तिने कपाळावरची माती पुसली. "आता नंतर झालं."

घरी दारातून आत आल्याबरोबर साहेब छाती पुढे काढून म्हणाले, "मी असं ठरवलंय, की ट्रक माळ्यावर ठेवायचा."

"बरं," बायको म्हणाली. माळ्याखाली स्टूल सकाळपासूनच मांडून ठेवलेलं होतं. टेबल पुसलेलं होतं, त्यावर चादर होती, आणि साडू-मेहुणीला जेवायला बोलावणं केव्हाच गेलं होतं.

रात्री सगळे टेबलाभोवती जेवायला बसले, मधोमध साडूचा नवा चषक. (ठेवायला दुसरी जागाच नव्हती, असं मेहुणी म्हणाली.) टीव्ही मोठमोठ्याने ओरडत होता. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपलंच कुणी ऐकत नाही, हे साहेबांना आता सहन होईना. त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला, हात लांब केला आणि बटण दाबलं. आवाज हळूहळू खाली आला.

साहेबांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच रंग आला. "बघा," ते म्हणाले, "हे तरी माझं ऐकतं!"

आवाज कमी करायला उठून टीव्हीपाशी गेलेल्या मेहुणीने टीव्हीच्या बटणावरचं बोट काढून घेतलं आणि चकित होऊन ताईकडे पाहिलं. "अगं, पण त्या रिमोटात तर सेलच—"

"असू दे गं," बायको त्यांच्या ताटात वाढत म्हणाली. "जेवू दे त्यांना."